न लागलेल्या फोनची नोंद

आप्पा फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. आधी स्वतःचे ठिकाण सांगत आणि मग विचारत, “आवाज कसा येतोय?” समोरचा “चांगला” म्हणाला, तरी त्यांचे समाधान होत नसे. “चांगला म्हंजी कसा? घरघर हाय का? मागं दुसरं कुणी बोलतंय का?” ही चौकशी पुरी झाल्यावर ते कामाकडे वळत. काम बहुधा अर्ध्या मिनिटाचे असे.

टेलिफोन खात्यातली त्यांची नोकरी दौंड, केडगाव आणि शेवटी तळेगाव ढमढेरे अशी फिरत झाली. हुद्दा टेक्निशियनचा. मी त्यांना ओळखू लागलो ते नव्वदचे दशक संपता संपता, त्यांची निवृत्ती जवळ आली असताना. मी तेव्हा शिरूरला, पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. बातमी फोनवर वाचून दाखवावी लागे, म्हणून एक्स्चेंजमधल्या माणसांशी ओळख ठेवणे भाग होते. आमची ओळख होती. मैत्री कधीच नव्हती. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारले होते, “तुम्ही छापता ते बघून छापता का ऐकून?” मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यांनी मानले नाही, एवढे चेहऱ्यावरून कळले.

अंगाने शिडशिडीत, उंची मध्यम, दोन्ही मनगटांवर घड्याळ. डावे नोकरी लागल्यावर घेतलेले, उजवे निवृत्तीच्या वेळी मिळालेले. “एक खोटं बोललं तर दुसरं सांगंल,” असे ते म्हणत. दोन्हींत फरक पडला तर काय, असे मी एकदा विचारले. “मग दोघांचंबी ऐकायचं न्हाई. रेडिओ लावायचा.”

त्यांची दोन वाक्ये तालुक्यात माहीत होती. एक : “लाईनला दोन टोकं असत्यात. एका टोकाचं कधी खरं धरू नये.” या वाक्यामागे दौंडचा एक किस्सा होता. एका बागायतदाराचा फोन आठवडाभर मुका होता. एक्स्चेंजमधून पाहिले तर रिसीव्हर उचलून ठेवल्याचे दिसे, आणि घरचे शपथेवर सांगत की फोनला कुणी हातही लावलेला नाही. खांब पाहून झाले, तार पाहून झाली. शेवटी आप्पा बैठकीच्या खोलीत गेले. फोनवर सुनेने विणलेला जाळीचा रुमाल घातलेला होता आणि त्याची एक कड रिसीव्हरखाली अडकून राहिली होती. आप्पांनी रुमालाची घडी घातली आणि रिपोर्टात लिहिले : फॉल्ट – रुमाल. वरिष्ठांनी जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, “दुसरं काय लिवू? रुमालच व्हता.”

दुसरे वाक्य चहाचे. “च्या पिला की फॉल्ट दिसत न्हाई.” फोन दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला चहा विचारण्याची पद्धत तेव्हा सगळीकडे होती आणि आप्पा तो कुणाच्याही घरी घेत नसत. पाणी घेत. चहा प्यायचा तो स्टँडवरच्या टपरीवर, स्वतःच्या खिशातून. निवृत्तीनंतरही हा नेम चालू होता. सत्यनारायणाला बोलावले तर प्रसाद घेऊन उठत. पुढे जे झाले, ते समजायला हा चहा लक्षात ठेवावा लागेल.

निवृत्तीनंतर ते तळेगावजवळच्या एका लहान गावात राहिले. त्याच सुमारास खासगी मोबाइल कंपन्या शहरातून तालुक्यांकडे सरकू लागल्या. त्यांच्या जाहिराती पेपरात येत आणि आप्पा त्या बातमीसारख्या वाचत. एकदा मला कालव्याच्या मोरीवर बसवून त्यांनी विचारले, “हवा कुणाच्या सातबाऱ्यावर हाय?”

मी म्हणालो, “कुणाच्याच नाही.”

“न्हाई कशी? सरकारनं तिच्यात पाणंदी आखल्यात. येका कंपनीला येक पाणंद. ती रुंद करता येत न्हाई, दोन्ही बाजूला दुसऱ्याचं रान. आता एवढ्याच वाटंनं समद्यांची बोलणी न्यायची कशी, ह्यात दोन मतं हायेत.”

पहिल्या मताच्या कंपन्या बोलण्याचे बारीक तुकडे करतात आणि प्रत्येकाला पाळी देतात. कालव्याचे पाणी पाळीने मिळते तसे. पाळ्या संपल्या की नव्या माणसाने थांबायचे. दुसऱ्या मताच्या कंपन्या पाळी ठेवत नाहीत. सगळे एकदम बोलतात, प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळी खूण असते, आणि टॉवर ज्याच्या त्याच्या खुणेवरून आवाज निवडून काढतो. आप्पा एकाला पाळीचा फोन म्हणत आणि दुसऱ्याला गलक्याचा.

“गलक्याच्या फोनवर माणसं जास्त मावत्यात,” ते म्हणाले. “आवाजबी नितळ. पर गलका वाढला की टॉवरला लांबचं ऐकू येत न्हाई. रेंज आखडती. हे कंपनी सांगत न्हाई.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“पुस्तकात हाय. पर पुस्तक बी येकच टोक.”

गावच्या माळावर टॉवर उभारायला दोन कंपन्या आल्या. माळ मोक्याचा होता. एका अंगाला तळेगावचा आठवड्याचा बाजार, दुसऱ्या अंगाला कालव्यापलीकडची वस्ती. वस्तीवर आरोग्य उपकेंद्र होते, तिथे एक सिस्टर होती आणि फोन नव्हता. जी कंपनी उपकेंद्राला फोन देईल तिला जागा द्यायची, अशी अट ग्रामपंचायतीने घातली. पाळीवाली कंपनी वर्षभर थांबा म्हणाली. गलक्याच्या कंपनीने लगेच होकार दिला. टेबलावर ठेवायचा, बोटभर अँटेना असलेला एक संच घेऊन त्यांचा इंजिनिअर वस्तीवर गेला. हंगामी टॉवर गाडीवर आणलेला होता. इंजिनिअरने वस्तीवरून सरपंचांना फोन लावला. तो पहिल्याच झटक्यात लागला. पेढे वाटले गेले. त्या दिवशी बाजार नव्हता.

ग्रामसभेत आप्पा उठले. त्यांच्या घरावर निळा झेंडा होता, आणि त्या गावात त्या आळीतल्या माणसाला बोलायची वेळ शेवटी येई, बहुतेकांनी चपला शोधायला सुरुवात केल्यावर.

“बाजारच्या दिवशी लावून दाखवा,” आप्पा म्हणाले.

सरपंच हसले. “का आप्पा? बाजारच्या दिवशी हवा सुट्टीवर असती का?”

“हवा आसती. पर त्या दिवशी बाजारात हजार माणूस बोलणार, समदी येकदम. वस्तीवरनं सिस्टर कितीबी वरडली तरी टॉवरला ऐकू जाणार न्हाई.”

इंजिनिअर चांगल्या वळणाचा मुलगा होता. तो म्हणाला, “काका, ही लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे. अमेरिकेत चालते.”

“अमेरिकेत तळेगावचा बाजार भरतो का?”

सभा हसली, या वेळी इंजिनिअरला. पण ठराव मंजूर झाला. त्यात सरपंचांची चूक होती, असे मी तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. एका बाजूला हातात आलेला फोन होता, दुसऱ्या बाजूला एका निवृत्त माणसाची शंका.

मला आप्पांचा संशय आला होता तो दुसऱ्या कारणाने. ग्रामसभेच्या आठ दिवस आधी मी यवतहून एसटीने परतत होतो. कासुर्डीच्या ढाब्यावर गाडी थांबली. तिथे पाळीवाल्या कंपनीची जीप उभी होती. जीपशेजारच्या टेबलावर त्या कंपनीचे दोघे आणि आप्पा बसले होते. तिघांपुढे चहा होता. आप्पा कप तोंडाला लावताना मी पाहिले.

ग्रामसभेची बातमी मी दिली. तिच्या शेवटच्या परिच्छेदात हे वाक्य होते : ‘ठरावाला विरोध करणाऱ्या एका निवृत्त टेलिफोन कर्मचाऱ्याचे प्रतिस्पर्धी कंपनीशी लागेबांधे असल्याची चर्चा गावात आहे.’ चर्चा खरोखर होती. मी कासुर्डीला पाहिलेले सरपंचांना सांगितले होते, त्यांनी चौघांना सांगितले, आणि त्या चौघांपैकी दोघांनी ते मला येऊन सांगितले. चर्चा माझ्यापासून निघून माझ्यापर्यंत परत आली होती. हे मला लिहिताना माहीत होते.

तिसऱ्या दिवशी आप्पा शिरूरला माझ्या खोलीवर आले. कात्रण टेबलावर ठेवले.

“हे दुसऱ्या टोकानं तपासलं का?”

“नाव दिलेलं नाही, आप्पा.”

“गावात टेलिफोनमधनं रिटायर झालेला मी येकलाच. नाव कशाला पायजे?”

मी चहा सांगतो म्हणालो. ते म्हणाले, “नको,” आणि जिना उतरून गेले.

टॉवर उभा राहिला. फोन सुरू झाले. दुसऱ्याच आठवड्यात आप्पांनी, ज्या कंपनीला भर सभेत विरोध केला होता, तिचाच मोबाइल घेतला. गावात हसू झाले. मी माझ्या वहीत लिहिले : आता इकडचेही? ज्याच्यावर आधीच संशय आहे, त्याने काहीही केले तरी ते संशयात बसते. हे मला पुढे समजले.

त्याच दिवसांत कालव्याच्या मोऱ्यांच्या कठड्यांवर गेरूच्या रेघा दिसू लागल्या. प्रत्येक रेघेशेजारी तारीख. लोकांना वाटले, पाटबंधाऱ्याच्या सर्व्हेच्या असतील. त्या आप्पांच्या आहेत हे सिस्टरला माहीत होते, कारण आप्पा रोज चालत उपकेंद्रावर जाऊन रक्तदाब मोजून घेत. तेही दोन्ही दंडांवर.

“आप्पा, दोन्ही हातांत एकच रक्त आहे,” सिस्टर म्हणायची.

“मोजून सांगा.”

सिस्टर केडगावची. तिशीतली, बोलायला फटकळ. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर तिची नेमणूक होई. वस्तीवर राहणारी ती पहिलीच सिस्टर होती. आधीच्या दोघी तळेगावहून येऊन-जाऊन करत.

एका बाजारच्या दिवशी दुपारी बाराच्या आत वस्तीवरची एक बाई अडली. सिस्टरने तळेगावच्या दवाखान्याची जीप बोलवायला फोन लावला. तो लागला नाही. ती लावत राहिली. संच टूँ-टूँ करून गप्प होई. शेवटी बाईच्या नवऱ्याला सायकलवर पिटाळले आणि बाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातले. कालव्याच्या रस्त्यावर, ट्रॉलीतच, बाई बाळंत झाली. दोघे वाचले. सिस्टर ट्रॉलीत बरोबर होती म्हणून वाचले, असे डॉक्टर म्हणाले.

तरी तक्रार झाली. फोन असताना जीप का बोलावली नाही? सिस्टरने लावल्याचे सांगितले. कंपनीकडून माहिती मागवली गेली. उत्तर आले : सदर दिवशी सदर संचावरून एकही कॉल झालेला नाही. सिस्टरला नोटीस मिळाली. कराराचे चार महिने उरले होते. नोटीस तशीच राहिली तर पुढचा करार होणार नव्हता.

मी बातमी दिली. मथळा : ‘फोन होता, केला नाही?’ प्रश्नचिन्ह मीच लावले होते. ते लावले की जबाबदारी निम्मी होते, असा आमच्या धंद्यात समज आहे. बातमीसाठी मी सिस्टरला विचारले होते. ती म्हणाली होती, “किती वेळा लावला ते माझ्या बोटाला विचारा. न लागलेला फोन कंपनीच्या कागदावर कुठनं येणार?” हे वाक्य मी छापले नाही. ते मला सारवासारवीचे वाटले.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला माझा मोबाइल एकदा वाजला आणि थांबला. तिसऱ्या दिवशी सव्वाअकरालाच पुन्हा एकदा. नंबर आप्पांचा होता. मी उलट फोन केला.

“काय काम होतं?”

“वस्तीवरनं बोलतोय. आवाज कसा येतोय?”

“चांगला येतोय. काम काय?”

“काई न्हाई,” म्हणाले आणि ठेवून दिला.

हे रोज चालू झाले. एक रिंग, आणि बंद. मी उचलण्याच्या आत बंद. हा माणूस मला छळतो आहे, बातमीचा वचपा काढतो आहे, याबद्दल मला शंका नव्हती. माझ्या ओळखीचे एक वकील होते. ते म्हणाले, “तक्रार करायची तर रोजची नोंद ठेवा. तारीख, वेळ, किती रिंग. हयगय करू नका.” मी हयगय केली नाही. एक नवी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर काहीही लिहिले नाही. आत रोज एक ओळ. ज्या दिवशी फोन आला नाही, त्या दिवशी तारीख लिहून पुढे ‘नाही’.

दोन आठवड्यांत माझ्या लक्षात आले, की ‘नाही’ बाजारच्या दिवशी येते. मी समासात लिहिले : बाजारात गुंतलेला असतो, म्हणून आज सुट्टी. माझा तर्क मला पक्का वाटला.

असे चौदा आठवडे गेले. एके दिवशी सिस्टर माझ्या खोलीवर आली. हातात कापडात बांधलेले उपकेंद्राचे रजिस्टर होते. ती बसली नाही.

“आप्पा म्हणाले, तुमच्याकडे एक वही असेल.”

“कसली वही?”

“त्यांच्यावर केस करायला ठेवलेली.”

मी विचारले, त्यांना कुणी सांगितले. ती म्हणाली, “कुणी नाही. ते म्हणाले, असणारच.”

तिने रजिस्टर उघडले. रोजची तारीख, सव्वाअकराची वेळ, आप्पांचे नाव, डाव्या आणि उजव्या दंडाचा रक्तदाब, आणि शेवटच्या रकान्यात आप्पांची वळणदार सही. बाजारच्या दिवशीसुद्धा. सगळ्या चौदा बाजारच्या दिवशी ते सव्वाअकराला वस्तीवर होते. मी ड्रॉवरमधून वही काढली. काढण्यापूर्वी थोडा वेळ गेला, हेही नोंदवून ठेवतो.

दोन्ही शेजारी ठेवली. चौदापैकी अकरा बाजारच्या दिवशी तिच्याकडे आप्पांची सही होती आणि माझ्याकडे ‘नाही’ होते. उरलेल्या तीन दिवशी फोन लागला होता. त्यांतल्या एका दिवशी तालुका बंद होता. एका दिवशी पावसाने बाजार उठला होता. तिसऱ्या दिवसाचा खुलासा होत नव्हता.

“तुम्ही छापलंत, फोन होता, केला नाही,” सिस्टर म्हणाली. “आता ही दोन पानं तुम्हीच वाचा. मी काही बोलत नाही. माझा करार दहा दिवसांनी संपतोय.”

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दोघांनी ठरवून रजिस्टर रंगवले असेल. तसे मी तिला सांगितले. ती चिडेल असे वाटले होते. ती म्हणाली, “हेही आप्पा म्हणाले होते. ते म्हणाले, मग त्यांना बाजारच्या दिवशी घेऊन या.”

मी गेलो. सकाळी अकराला वस्तीवर पोचलो. आप्पा उपकेंद्राच्या पायरीवर बसले होते. नमस्कार झाला नाही. सव्वाअकराला त्यांनी डावे घड्याळ पाहिले, उजवे पाहिले, आणि माझा नंबर लावला. टूँ-टूँ. मोबाइल माझ्या हातात दिला. “तुमच्या बोटानं लावा.” मी नऊ वेळा लावला. माझा दुसऱ्या कंपनीचा मोबाइल तिथे मुळातच चालत नव्हता. म्हणून मी आप्पांच्याच मोबाइलवरून पुण्याच्या आमच्या कचेरीचा नंबर लावून पाहिला, मग शिरूरचा, मग सरपंचांचा. सिस्टरने आत तिच्या संचावरून दवाखान्याचा लावला. काहीही लागले नाही.

“चला,” आप्पा म्हणाले.

आम्ही कालव्याच्या कडेने टॉवरच्या दिशेने चालू लागलो. प्रत्येक मोरीवर ते थांबत, फोन लावत, मान हलवत आणि पुढे निघत. तिसऱ्या मोरीवर कचेरीचा फोन लागला. पलीकडून ऑपरेटरचा आवाज आला. आप्पांनी मला बोलू दिले नाही, स्वतःच विचारले, “तळेगावच्या अलीकडनं बोलतोय, आवाज कसा येतोय?” मग पिशवीतून गेरूचा खडा काढला, कठड्यावर रेघ मारली आणि तारीख घातली. त्या कठड्यावर तशा सात रेघा आधीच होत्या. पुढच्या मोरीवर चार होत्या.

“आज रेंज हितवर आखडली,” ते म्हणाले. “उद्या येऊन बघा. वस्तीच्या पलीकडं जाईल.”

मी दुसऱ्या दिवशीही गेलो. फोन वस्तीच्या पलीकडे, शेवटच्या घराच्या मागे, पहिल्याच वेळी लागला.

दोन वह्या घेऊन मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो. बरोबर सिस्टर होती. आप्पा आले नाहीत. अधिकाऱ्यांनी पाने शांतपणे जुळवून पाहिली.

“हे गृहस्थ तुमचे कोण?”

“कुणी नाही.”

“संबंध कसे आहेत?”

“चांगले नाहीत. ही वही त्यांच्याविरुद्ध पोलिसांत जाण्यासाठी ठेवली होती.”

अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच वर पाहिले. “हे लिहून द्या.”

मी लिहून दिले. सही केली, खाली तारीख घातली. बाजारच्या दिवशी वस्तीवरून स्वतः केलेल्या प्रयत्नांचा एक परिच्छेद जोडला. नोटीस दप्तरी दाखल झाली. सिस्टरचा करार पुढे चालू राहिला. कंपनीने वस्तीच्या दिशेला छोटा जादा टॉवर देण्याचे मान्य केले आणि सात महिन्यांनी तो दिला.

त्या दिवसापासून सव्वाअकराचा फोन बंद झाला.

त्यानंतरच्या आठवड्यात आप्पा मला शिरूरच्या स्टँडवर भेटले. टपरीवर उभे होते, हातात स्वतःचा चहा. मी त्यांना विचारले, मी वही ठेवीन हे कशावरून ठरवले?

“सिस्टरच्या बाजूनं मी बोललो असतो, तर मी तिचा माणूस. माझ्या बाजूनं बोलणारं तर कोण न्हवतंच. ऱ्हायला माझ्या विरोधातला. त्यातला लिवता येणारा तालुक्यात येकच. आन् संशय आला की माणूस लिवून ठेवतोच.”

“आणि तो तिसरा बाजार? त्या दिवशी फोन लागला होता. का लागला?”

त्यांनी कप खाली ठेवला. “त्यो ऱ्हाऊ द्या. चौदाच्या चौदा जुळलं असतं तर सायबांनी इस्वास ठेवला असता का?”

हे उत्तर होते की कबुली, ते मला ठरवता आले नाही. त्या दिवशी ते वस्तीवर होते की घरून फोन करून सही नंतर केली, हे मी सिस्टरलाही विचारले नाही. अकरा दिवस जुळत होते आणि बारावा मी स्वतः पाहिला होता.

मी म्हणालो, “आप्पा, लागेबांध्यांच्या त्या बातमीची दुरुस्ती मी छापतो.”

“नका.”

“का?”

“दुरुस्ती छापली की तुम्ही माझा माणूस. उद्या तिसऱ्या मताचा टॉवर येईल. पेपरात वाचलं न्हाई का, आता फोनवर चित्रं दिसणार म्हणत्यात. तवा मला परत विरोधातला माणूस लागंल. असा कुठनं आणू?”

“मग कासुर्डीचं तरी सांगा. त्या जीपवाल्यांबरोबर काय करत होता?”

“मोजत व्हतो. त्यांच्या जीपमधी रेंज मोजायचं यंत्र व्हतं. आपल्याकडं न्हवतं.”

“आणि चहा?”

“पिला.”

“कुणी पाजला?”

आप्पांनी डावे घड्याळ पाहिले, मग उजवे. “तुम्ही बघत व्हता की,” म्हणाले. “तुम्हीच सांगा.” आणि तळेगावच्या प्रवासी जीपमध्ये जाऊन बसले.

पुढचे दशक संपता संपता गलक्याच्या कंपनीने स्वतःच आपले मत बदलले आणि पाळीची यंत्रे बसवली. का, ते तिच्या जाहिरातीत नव्हते. सिस्टर पुढे कायम झाली आणि दौंड तालुक्यात गेली. आप्पा वारले तेव्हा मी पुण्यात होतो. मला दोन आठवड्यांनी कळले. मोऱ्यांचे कठडे नंतर नव्याने बांधले गेले आणि रेघा गेल्या.

दुरुस्ती मी तेव्हा छापली नाही. आता त्यांना विरोधातल्या माणसाची गरज उरलेली नाही, म्हणून इथे देतो. कासुर्डीच्या ढाब्यावर आप्पा चहा पिताना मी पाहिले, हे खरे आहे. त्यानंतर कंडक्टरने बेल दिली आणि आमची गाडी निघाली. चहाचे पैसे कुणी दिले, हे मी पाहिले नव्हते.